बंद टीव्हीसमोरचा नमुना पाठ

"व्हॉट डू यू सी?" मी विचारलं.

"आय सी अ टायगर, सर," सगळा वर्ग एका सुरात म्हणाला.

"इज द टायगर बिगर दॅन द कॅट?"

"येस सर. द टायगर इज बिगर दॅन द कॅट."

वर्गाच्या मागच्या बाजूला आसपासच्या शाळांमधले शिक्षक बसले होते. त्यांच्यात खुसखुस सुरू झाली. मला वाटलं, पाठ रंगतोय. मी आवाज वाढवून पुढचा प्रश्न विचारला. एका शिक्षकानं तोंडावर रुमाल धरला. तेव्हा केंद्रप्रमुख मॅडम शांतपणे म्हणाल्या, "काळे सर, जरा मागं वळून बघा."

मी वळलो. टीव्ही बंद होता. गावातला डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, उडाला होता. थंडीचे दिवस असल्यानं पंखे बंद होते, खिडक्यांतून भरपूर उजेड येत होता, व्हिडिओचा आवाज मी बंदच ठेवला होता आणि माझी पाठ टीव्हीकडे होती. त्यामुळे लाइट गेल्याचं मला कळलंच नाही. मुलांना मात्र समोरचा काळा पडदा दिसत होता. तरी ती वाघ दिसतोय म्हणून सांगत होती, कारण मी तसं बसवून घेतलं होतं.

मी भोकरदन तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत इंग्रजी शिकवतो. शाळेचं नाव सांगत नाही. चूक माझी होती, गावाची नव्हती.

ज्यांचा शाळेशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. जवळपासच्या काही शाळांचं मिळून एक केंद्र असतं. त्या केंद्रातले शिक्षक ठरावीक दिवशी एखाद्या शाळेत जमतात. त्याला शिक्षण परिषद म्हणतात. ज्या शाळेत परिषद असते तिथला एक शिक्षक सगळ्यांसमोर पाठ घेतो. तो नमुना पाठ. त्याचे फोटो ग्रुपवर जातात. कोणाचा पाठ चांगला झाला, कोणाचा पडला, याची चर्चा पुढची परिषद येईपर्यंत चालते.

आमच्या शाळेला गावानं वर्गणी करून मोठा टीव्ही दिला होता. मी विषय निवडला कंपॅरेटिव्ह. दोन गोष्टींची तुलना इंग्रजीत कशी करायची, ते. मराठीत आपण 'पेक्षा' म्हणून मोकळे होतो. मोठा हा मोठाच राहतो. इंग्रजीत शब्दाला शेपूट जोडावं लागतं. बिगचं बिगर होतं, फास्टचं फास्टर. मी एक व्हिडिओ शोधला. त्यात वाघ, मांजर, ससा, कासव एकामागून एक येत होते. परिषदेच्या आधी आठवडाभर तोच व्हिडिओ, तेच प्रश्न आणि तीच उत्तरं. मुलं चौथ्या दिवसापासून पडद्याकडे बघायचीही बंद झाली. ती माझ्या हाताकडे बघायची. हात वर गेला की वाक्य.

एक मुलगी मात्र पडद्याकडेच बघायची. सुजाता, सातवीतली. तालमीत मी विचारलं, "विच इज बिगर?" तर ती म्हणाली, "कॅट." वर्ग हसला.

"टायगर," मी म्हणालो.

"पण सर, टीव्हीत मांजरच मोठी दिसू राह्यली. वाघ लांब हाये ना."

"सांगितलं तेवढं बोल."

दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं, कासव जिंकतं त्या गोष्टीत कासव फास्टर म्हणायचं का? तिसऱ्या दिवशी आणखी काहीतरी. प्रश्न वाईट नव्हते. पण मला परिषदेच्या दिवशी प्रश्न नको होते. आदल्या दिवशी शाळा सुटताना मी तिला बाजूला घेतलं आणि म्हणालो, "उद्या तू नाही आलीस तरी चालेल. घरी लहान भाऊ आहे ना, त्याच्याकडं बघ."

तिनं "बरं सर" म्हटलं. का, असं विचारलं नाही. एरवी प्रत्येक गोष्टीला का विचारणाऱ्या मुलीनं ते विचारलं नाही, हे मला तेव्हाच कळलं होतं. पण मी न कळल्यासारखं केलं. हेडसरांनी मला असं करायला सांगितलं नव्हतं. कल्पना माझीच होती.

आता परत त्या वर्गात येतो. टीव्ही बंद, पाठाचा अर्धा वेळ शिल्लक. मॅडम म्हणाल्या, "लाइट येईल तेव्हा येईल. टीव्ही तर समोर आहे. त्याच्यावरच बोलू द्या मुलांना."

मी टीव्हीकडे बोट दाखवलं. "से समथिंग अबाउट द टीव्ही."

एकही हात वर झाला नाही. मुलं माझ्या तोंडाकडे बघत होती. वाक्य माझ्याकडून यायचं, अशीच त्यांना सवय. मी पुन्हा विचारलं. एक मुलगा चाचरत म्हणाला, "आय सी अ टायगर, सर."

आता सगळेच हसले. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी हजेरी मागवली, मुलं मोजली आणि विचारलं, "एक जण कमी आहे. आजारी आहे का कुणी?"

मी बोलायच्या आत पहिल्या बाकावरची आरती उठली. "सुजाता न्हाई आली मॅडम. सरांनीच तिला नगं म्हनलं."

तिनं तक्रार म्हणून सांगितलं नव्हतं. विचारलं म्हणून सांगितलं. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मला 'तिच्या घरी काम होतं' असं म्हणता आलं असतं. समोर मुलं होती. मी म्हणालो, "हो. मी सांगितलं होतं."

मॅडमनी हजेरी मिटली. "पुढची परिषद परत इथंच घेऊ," त्या म्हणाल्या. "पाठ तुम्हीच घ्या. पट पूर्ण पाहिजे."

हेडसर चहाच्या वेळी माझ्याजवळ आले. "काळे सर, लाइट गेली हे आपण समजू शकतो. पण ते दुसरं काय करून ठेवलं तुम्ही?"

संध्याकाळी मी सुजाताच्या घरी गेलो. गावाच्या टोकाला निळी कमान आहे, तिच्या आतली गल्ली. तिची आई मिरची तोडून नुकतीच आली होती. हातांची आग होत होती म्हणून ताकाच्या पातेल्यात हात बुडवून ओट्यावर बसली होती.

"या सर. आज साहेब लोक आल्ते म्हणं शाळेत."

"हो ताई. पाठ होता."

"मंग आमच्या पोरीला कामून ठिवलं घरी?"

"मीच सांगितलं तिला."

"ते म्हाईत हाये. ती न्हाई बोलली. आरतीनं सांगितलं." तिनं हात ताकातून काढून पदरानं टिपले. "एवढी पोरं वर्गात. आमच्याच गल्लीतली बरी दिसली तुम्हाला."

मी म्हणालो, "गल्ली बघून नाही सांगितलं, ताई."

"मंग काय बघून सांगितलं?"

"ती प्रश्न फार विचारते म्हणून."

ती हसली. "हे तर त्याहून वाईट झालं की, सर."

मी गल्ली बघितली नव्हती, हे खरं आहे. पण दुसऱ्या गल्लीतल्या एखाद्या मुलीला मी इतक्या सहज घरी बस म्हणालो असतो का, तिचे वडील दुसऱ्या दिवशी शाळेत येतील याचा विचार केला नसता का, हे मी स्वतःला विचारलंय. उत्तर मला आवडत नाही.

"मी काय म्हनते सर," आई म्हणाली, "सातवी झाली की बस करू. आठवीला येस्टीनं जावं लागतं. खर्चा हाये, तो करू बी. पण तिथं बी कुनी म्हनलं घरी बस, तर? मंग आत्ताच बसलेली बरी."

लाइट परत आली होती आणि आत टीव्ही चालू होता. सुजाता भावाला घेऊन त्याच्यासमोर बसली होती. मी दारातून म्हणालो, "सुजाता, चूक माझी झाली. उद्या ये." तिनं माझ्याकडे न बघता रिमोट घेतला आणि आवाज वाढवला.

"बघा," आई म्हणाली. "आता तुम्हीच समजवा."

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. त्याच्या पुढच्या दिवशी आली, उशिरा, आणि शेवटच्या बाकावर बसली.

त्या आठवड्यात मी टीव्ही लावला नाही. मुलांना म्हणालो, टीव्हीबद्दल माहीत असलेले इंग्रजी शब्द सांगा. मी पाठासाठी 'प्रोग्रॅम', 'व्ह्यूअर' असले शब्द काढून ठेवले होते. मुलांनी रिमोट, चॅनल, सिग्नल, म्यूट, ब्राइटनेस, रिचार्ज असे सांगायला सुरुवात केली ती थांबेचनात. फळा भरला. छत्री हा शब्द इंग्रजी आहे की नाही यावर भांडण झालं. छतावरच्या डिशला आमच्याकडे छत्रीच म्हणतात.

मग मी नियम सांगितला. टीव्हीवर एक वाक्य, तुलनेचं. चुकलं तरी चालेल, पण खरं पाहिजे.

मग आरती म्हणाली, "माय ग्रँडमदर इज लाउडर दॅन टीव्ही." वर्ग हसला, कारण तिची आजी सगळ्यांना माहीत होती. त्यानंतर गाडी सुरू झाली. एकानं सांगितलं, आमचा टीव्ही शाळेच्या टीव्हीपेक्षा मोठा आहे. लगेच दुसरा उठला, "सर, खोटं बोलू राह्यला. त्याच्या घरी टीव्हीच न्हाई, मोबाइलवर बघतेत." पहिला न लाजता म्हणाला, "बरं. मोबाइल इज स्मॉलर. बट मोबाइल इज माय."

शेवटच्या बाकावरून आवाज आला. "अवर टीव्ही इज ओल्डर दॅन मी."

"मंग त्यालाच बसव आठवीला," कुणीतरी म्हणालं. सुजाता हसली. त्या दिवसापासून मला पुन्हा धीर आला.

पुढच्या परिषदेची तालीम घेतली नाही. हेडसर दोनदा विचारून गेले. "निदान पहिली चार वाक्यं तरी बसवा."

"नको सर."

"पडला तर?"

"पडू द्या."

मी सुजाताच्या आईला बोलावलं होतं. येते म्हणाली नव्हती. पाठ सुरू झाला आणि मध्येच ती दारात येऊन उभी राहिली. मॅडमनी खुर्ची दिली. ती खुर्चीच्या कडेवर टेकली.

पाठ काही फार चांगला झाला नाही, हे सांगितलं पाहिजे. सुरुवातीला मुलं बुजली. दोन वाक्यं मला कळलीच नाहीत. मधली शांतता इतकी लांबली की मागचा एक शिक्षक घड्याळ बघू लागला. मग मुलं बोलू लागली, चुकत, अडखळत, एकमेकांचं खोडत. सुजातानं वाक्य सांगितलं, त्यात चूक होती, मी फळ्यावर तसंच लिहिलं आणि वर्गाला विचारलं. मग तिनं हात वर केला आणि पाहुण्या शिक्षकांकडे बोट करून मराठीतच विचारलं, "सर, यांना पण घरचं सांगू द्या ना. आम्हीच किती सांगायचं?"

मी मॅडमकडे पाहिलं. मॅडम उठल्या. "माय टीव्ही इज क्वाएटर दॅन माय हजबंड," त्या म्हणाल्या. क्वाएटर म्हणजे काय, हे मुलांनी त्यांच्याकडूनच काढून घेतलं. त्यानंतर एकेका शिक्षकाला बोलावंच लागलं. काही जण आमच्या मुलांपेक्षा जास्त अडखळले. मुलांनी त्यांना वेळ दिला.

सगळे गेल्यावर सुजाताची आई व्हरांड्यात थांबली होती.

"काय बोलली ते मला न्हाई कळलं, सर. पण तिला कुनी गप केलं न्हाई."

"आठवीचं काय करता मग?"

"दाखला कधी देता ते सांगा," ती म्हणाली.

जूनमध्ये सुजाता एसटीनं जाऊ लागली. एका संध्याकाळी ती मला थांब्यावर भेटली. मी विचारलं, नवीन शाळा कशी आहे?

"वर्ग लय मोठा हाये, सर. विचारायला नंबरच लागत न्हाई."

"मग काय करतेस?"

"घंटा झाली की सरांच्या मागं मागं जाते. पहिल्यांदा चिडले ते. आता थांबतेत."

आमच्या केंद्रात नवीन शिक्षक आले की नमुना पाठाबद्दल मला विचारतात. माझा पाठ पडला होता हे त्यांनी ऐकलेलं असतं. व्हिडिओ कोणता घ्यावा, चार्ट करावेत का, असले प्रश्न असतात. मी त्यांना एवढंच सांगतो की तयारी हवी तेवढी करा, पण त्या दिवशी कोण घरी राहणार आहे, ते आधी बघा.