कडूस पडताना निवडलेली दुर्बीण

पडलेल्या दुर्बिणीतून एका घारीच्या दोन घारी दिसायच्या. किल्ल्याच्या अंगावरून ती घार सावकाश तरंगत यायची आणि तिच्या खांद्याला खांदा लावून तिचीच एक फिकट जोडीदारीण. बाईंचं त्यानं डोकं दुखायचं. मला मात्र ते बघत राहावंसं वाटायचं. परमुलखात एकाचं दोन दिसलं तर तेवढीच सोबत, असं काहीतरी मनात येत असावं.

बाई म्हणजे मी ज्यांच्याकडं स्वयंपाकाला होते त्या. लष्करात नर्स होत्या, मेजर होऊन रिटायर झालेल्या. साताऱ्यात आमच्या गल्लीत घरटी एक फौजी, पण बाईमाणूस मेजर ही एकच, म्हणून सगळी गल्ली त्यांना मेजरबाई म्हणायची. मी नुसतं बाई म्हणायची. माझं माहेर जतच्या पलीकडं, निम्मं गाव कानडीत भांडतं तिथं. मेंढरांचं घर. दिवाळीच्या सुमाराला कळप निघायचा, कळपामागं आम्ही, आणि शाळा मागं राहायची. पाचवीत ती कायमचीच मागं राहिली. पुढं लग्न झालं, नवरा साताऱ्याच्या एमआयडीसीत कामाला, म्हणून मी साताऱ्यात. नव्वद सालानंतरची ती पहिली दोन-तीन वर्षं असतील.

माझा जीव तेव्हा कायम टांगलेला असायचा. कुणी नुसतं "ऐक गं" म्हटलं तरी वाटायचं, झालं, आपलं काहीतरी चुकलं. अशा मला बाईंनी दुपारी शेजारी बसवून पाखरांच्या पुस्तकातली नावं मोठ्यानं वाचायला लावली. अडले की गप्प थांबायच्या. शाळेत माझ्यासाठी असं कुणी थांबलं नव्हतं. नाव नीट वाचता आलं की त्याच जास्त खूश व्हायच्या, आणि मग आम्ही दोघी चहा प्यायचो, एकाच तऱ्हेच्या कपातून. एवढ्याशा गोष्टी, पण त्या मी अजून उशाशी घेऊन झोपते.

त्या पावसाळ्यात बाई जिन्यावरून पडल्या. गळ्यात दुर्बीण होती. बाईंचा खुबा मोडला आणि दुर्बिणीच्या आतली भिंगं हलली. खुबा डॉक्टरांनी जोडला. दुर्बीण मात्र साताऱ्यात कुणाला जोडता आली नाही. रोज पहाटे तळ्यावर पाखरं बघायला जाणाऱ्या बाई आता वरच्या मजल्यावरच्या गॅलरीत वेताच्या खुर्चीत बसून राहायच्या. खाली उतरायचं नाही म्हणून डॉक्टरांनी बजावलेलं. पुण्याचा पुतण्या येऊन बघून गेला. एकटं राहणं पुरे, आमच्याकडं चला, असं त्याचं म्हणणं, आणि ते मायेनंच होतं. दसरा झाला की गाडी घेऊन येतो, तोवर ठरवा, असं सांगून तो गेला. तो गेल्यावर बाई मला म्हणाल्या, "पाखरं दिसणार नसतील तर सातारा काय आणि पुणं काय."

बाई गेल्या की काम जाणार, हे होतंच. पण त्याहून वेगळं काहीतरी जाणार होतं, आणि त्याला काय म्हणतात ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

नवरात्रात मी माहेरी जाणार होते. वाटेत सांगलीला गाडी बदलायची. सांगलीत एका चष्म्याच्या दुकानात दुर्बिणी मिळतात हे बाईंना ठाऊक होतं. त्या म्हणाल्या, तूच घेऊन ये. मला घामच फुटला. मी म्हटलं, "आवं बाई, मला त्यातलं काय कळतंय?" त्यांनी ती मोडकी दुर्बीण माझ्या हातात दिली आणि दोन दुपारी शिकवलं. तिच्यावर दोन आकडे असतात. पहिला म्हणजे पाखरू किती जवळ येतं तो, आणि दुसरा म्हणजे पुढच्या काचेचं तोंड केवढं, त्यातून उजेड किती येतो तो. "पहिला आकडा लोभाचा आहे," बाई म्हणाल्या. "दुकानदार तोच दाखवेल. तू त्याला भुलू नकोस. जवळ जितकं आणशील तितकं ते हातात थरथरतं." मग डावा डोळा आधी, मधलं चाक फिरवून, नंतर उजवा, त्याची स्वतःची कडी असते ती फिरवून, आणि शेवटी दोन्ही उघडून विजेच्या खांबाकडं बघायचं. खांब एकच दिसला पाहिजे. "बाकी तुझे डोळे माझ्यापेक्षा चांगले आहेत. जी खाली ठेववणार नाही ती आण."

उंब्रज, कराड, मग ऊसच ऊस. खिडकीतून बघता बघता मला ती दोन आकड्यांची गोष्ट पाठ होत गेली. पैशांचा रुमाल कंबरेला खोचलेला होता आणि तो आहे का ते मी इतक्यांदा चाचपलं की शेजारची म्हातारी म्हणाली, "पोटात दुखतंय का गं पोरी?"

दुकानदार चांगला माणूस होता. त्यानं काचेवर चार दुर्बिणी मांडल्या. एक नाटकात बघायची असते तसली, खेळण्यासारखी. एक वीस बाय पन्नास, आणि बाई म्हणाल्या होत्या तसंच, त्यानं तीच आधी पुढं केली. तिच्यातून समोरच्या माडीवरचं कबूतर डोळ्यांत घुसल्यासारखं जवळ आलं आणि माझ्या छातीच्या ठोक्यागणिक उडायला लागलं. ती मी लगेच ठेवली. राहिल्या दोन. आठ बाय तीस आणि सात बाय पन्नास. दोन्हींतून कबूतर दिसलं, खांब एकच दिसला. उन्हात दोन्ही सारख्याच.

आता इथं माझ्या घराण्याची एक रीत सांगायला हवी. आमच्यात नजर उन्हात पारखत नाहीत. उन्हात काय, सगळ्यांनाच दिसतं. पोराची नजर पारखायची तर कडूस पडताना. मेंढराचा रंग जातो आणि मेंढरू तेवढं राहतं ती वेळ म्हणजे कडूस, असं आप्पा, म्हणजे माझे वडील, सांगायचे. लांडगा त्याच वेळेला येतो. त्या वेळेला ज्याला कळपाची कड दिसते त्याची नजर चांगली. तेव्हा मी दुकानदाराला म्हटलं, मी थांबते, दिवस बुडू द्या.

तो हसला. "वहिनी, दुकानात लाइट आहे की."

मी म्हटलं, "तुमच्या लाइटात पाखरं न्हाईत."

त्यानं मला बाकावर बसू दिलं, वर पाणी दिलं. दिवस कलला तशी मी पायरीवर उभी राहिले, दुर्बीण माझ्या डोळ्याला आणि तिच्या पट्ट्याचं टोक दुकानदाराच्या मुठीत. त्याचं चुकलं नाही, मी अनोळखी. रस्त्यावर हळदीचा वास पसरला होता. वरून बगळे नदीकडं उतरत होते. आठ बाय तीसमधून ते राखेचे झाले, मग आभाळाचेच झाले. दुसरी लावली तर तिच्यात अजून संध्याकाळ होती. बगळ्यांचे पाय मागं लांब सोडलेले, शेवटच्याची मान किंचित वाकडी. रस्त्यावर कडूस पडलेलं आणि त्या दोन नळ्यांत उजेड शिल्लक. वाटलं, आत कुणीतरी दिवसाचा थोडा उजेड झाकून ठेवलाय. मला ती खाली ठेववली नाही. सात बाय पन्नास घेतली. भिंतीवर पाटी होती, विकलेला माल परत घेतला जाणार नाही, आणि मी ती अक्षरं लावून वाचलीही होती.

माहेरी दुसऱ्या दिवशी माळावर आप्पांना ती दाखवली. जोंधळ्यावरून भोरड्यांचा थवा उठला होता, चादर झटकल्यासारखा. आप्पांनी काठी पुढं रोवली, एरवी हनुवटी टेकतात तशी तिच्यावर मूठ ठेवली, मुठीवर दुर्बीण, आणि बराच वेळ बघत राहिले. भोरड्या कुठं, ते आपल्याच मेंढरांकडं बघत होते. जन्मभर जी बघितली तीच. मग म्हणाले, "लांडग्याला झ्याक हाय. पर लय जड गं. ह्याच्यापरीस कोकरू बरं, निदान मोठं तर हुतं."

मी हसले. आप्पांची थट्टा म्हणून सोडून दिली. काखेत कोकरू आणि डोक्यावर घागर घेऊन वाढलेली मी. दुर्बिणीला वजन असतं हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

साताऱ्यात परत आले तेव्हा बाई गॅलरीत वाटच बघत होत्या. त्यांनी दुर्बीण डोळ्याला लावली, चाक फिरवलं, कडी फिरवली. "एक," त्या म्हणाल्या. इतक्या हळू की मलाच तेवढं ऐकू आलं. घार एकच होती. आणि मग त्यांचे हात थरथरायला लागले. त्यांनी दुर्बीण खाली घेतली, दम खाल्ला, पुन्हा उचलली. तिसऱ्यांदा ती छातीपर्यंतच आली. खाटेवरच्या महिन्यांनी त्यांचे दंड पार उतरले होते. रोज त्यांना न्हाऊ घालणारी मी, मला ते दंड ठाऊक नव्हते का?

बाईंनी दुर्बीण मांडीवर ठेवली आणि तिच्यावरून मांजरावरून फिरवावा तसा हात फिरवला. "फार सुंदर आहे," त्या म्हणाल्या. "पण ही माझ्या हातांची नाही गं." मी रडायला लागले तशा म्हणाल्या, की वजनाचं त्यांनी तरी कुठं सांगितलं होतं, शिकवताना त्यांनाही त्यांचे जुनेच हात आठवत होते. मग शांतपणे म्हणाल्या की खालच्या फोनवरून पुतण्याला निरोप दे, मोठी गाडी आण म्हणावं, पुस्तकं बरीच आहेत.

मी जिना उतरले. फोनपाशी उभी राहिले. आणि फोन न करता लाकडाच्या वखारीत गेले, कारण फोनकडं बघताना मला माळावर काठी रोवून उभे असलेले आप्पा दिसत होते. कोकराची थट्टा करत होते, पण दुर्बीण त्यांनी हातात पेलली नव्हती. काठीवर टेकवली होती.

वखारवाल्याच्या ढिगात मी बेचकं असलेली फांदी धुंडायला लागले. त्यानं विचारलं, चूल पेटवायचीय का नवऱ्याला बडवायचंय. मी म्हटलं, दोन्ही झालं की सांगते. बाभळीची एक मिळाली. घरी तिचे काटे खरडले, बाई आत लवंडल्या होत्या तेवढ्यात त्यांच्या खुर्चीत बसून माझ्याच डोळ्याला बेचकं लावून उंची धरली, तळाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा बांधला आणि बेचक्याला जुन्या लुगड्याच्या चिंध्या गुंडाळल्या. या सगळ्यात संध्याकाळ झाली. ती वेळ मी काही ठरवून धरली नव्हती.

बाई म्हणाल्या, "हे काय, गॅलरीत मशीनगन लावतेस?"

"आवं, एकदा टेकवून तर बघा."

"लावलीस तर शत्रूही आण आता," असं पुटपुटत त्यांनी काठी दोन गुडघ्यांमध्ये धरली. मी दुर्बीण बेचक्यात ठेवली. बाईंनी नुसतं तोंड पुढं केलं. हातांना कामच उरलं नाही; एक बोट चाकावर, बस्स.

मागच्या परसात एक जुना उंबर होता. त्याच्या बुंध्याचा रंग गेला होता आणि बुंधा तेवढा राहिला होता. बाई हलल्या नाहीत. मला त्यांचा श्वास ऐकू येत होता. खाली कुणीतरी अंगणात पाणी मारलं, लांब एसटीचा हॉर्न वाजला, आणि ते सगळं पाण्याखालून आल्यासारखं. किती वेळ गेला कोण जाणे. मी विचारलं, "एक दिसतंय का दोन?"

"एकच. ढोलीत पिंगळा आहे. माझ्याकडेच बघतोय."

माझ्या अंगावर काटा आला. आमच्याकडं पिंगळा दिसला की घाबरत नाहीत, पण तो काय सांगतोय ते विचारतात. त्याच्या बोलण्यावरून पुढचं जाणणारी माणसं असतात. मी भीतभीतच विचारलं, "काय म्हणतोय?"

बाईंनी डोळा काढला नाही. "म्हणतोय, इतकी वर्षं मी इथंच आहे. तूच आपली पहाटे उठून तळ्यावर जायचीस."

नंतर त्या फोनचं काही बोलल्या नाहीत आणि मीही नाही.

दसऱ्यानंतर पुतण्या आला. बरोबर दोन रिकाम्या सुटकेसी. मी चहा केला. तो लगेच निघायचं म्हणत होता, घाटात अंधार नको म्हणून. बाई म्हणाल्या, "कडूस पडेपर्यंत थांब." त्याला शब्द कळला नाही, त्यानं माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली, पण बाईंच्या तोंडात माझ्या आप्पांचा शब्द ऐकून माझे कान गरम झाले होते.

तो थांबला. बाईंनी त्याला स्वतःच्या खुर्चीत बसवलं, काठी त्याच्या गुडघ्यांत दिली आणि स्वतः माझ्या खांद्यावर हात टाकून उभ्या राहिल्या. पहिल्यांदा त्याला काहीच दिसेना. डावा डोळा आधी, मी म्हटलं. मग उजवा, त्याची कडी वेगळी असते. माझा आवाज कापत होता, पण निघाला. हळूहळू त्याचं चाकावरचं बोट थांबलं. उंबरातून पिंगळा बाहेर येऊन बसला असणार. बाईंचा हात माझ्या खांद्यावर किंचित दाबला गेला; नुसत्या डोळ्यांनी आम्हा दोघींना तर काही दिसत नव्हतं.

जाताना त्यानं सुटकेसी उचलल्या, तशाच हलक्या. जिन्यात थांबून मला म्हणाला, काठीचं टोक घसरतं का बघत जा. मी म्हटलं, ट्यूब बांधलीय. तरी त्यानं खाली जाऊन गाडीच्या डिकीतून रबराचा एक जाड तुकडा काढून आणला, माझ्या हातात दिला, आणि मग गेला.