तोंडाचा वास

आमच्या गावात कुणी कुणाला मारलं की आधी मारणाऱ्याचं तोंड हुंगतात. वास आला तर ‘दारूत होता’ म्हणतात. सकाळी तो पाया पडतो, जखमेवर हळद लागते आणि पोलिसांपर्यंत कुणी जात नाही. वास नसेल तर मार जाणूनबुजून मारलेला धरतात. गाव लाखांदूर तालुक्यातलं.

माझा धाकटा भाऊ आठवीत असताना मोहाची दारू प्यायला लागला. सोबत पंक्चरचं सोल्युशन रुमालावर घेऊन हुंगायचा. अकरावीत त्याने वडिलांच्या पाठीवर बैल हाकायची काठी मोडली. पुढच्या उन्हाळ्यात आईचं मनगट पिरगळून मोडलं. दोन्ही वेळा वास होता, दोन्ही वेळा माफी झाली. मग फिट यायला लागल्या. भंडाऱ्याच्या दवाखान्यातून परतल्यावर त्याने सगळं सोडलं. तेव्हा तो विशीत होता. नंतर कधीच घेतलं नाही.

घरच्यांना वाटलं, आता तो आधीसारखा होईल. झाला नाही. दुकानात पाठवलं तर काय आणायचं ते वाटेत विसरे. कुणी दोनदा टोकलं की हात आधी उठे, भान नंतर येई. डॉक्टर म्हणाले, “माणसाला थांबवणारा मेंदूचा भाग कपाळामागे असतो. तो पंचविशीपर्यंत घडत राहतो. याने घडत असतानाच त्याच्यावर दारू आणि सोल्युशन ओतलं. काही भरून येईल, काही येणार नाही. किती, ते मी सांगू शकत नाही.” आईने विचारलं, त्यावर गोळी नाही का? गोळी होती, पण ती फिटची.

मागच्या हंगामात शेजारच्या काकांच्या खळ्यावर धानाचा थ्रेशर लागला होता. भावाला डिझेल आणायला पाठवलं. तो रिकामी कॅन घेऊन परत आला. शाळेत त्याच्याच वर्गात असलेला काकांचा मुलगा सगळ्यांसमोर ओरडला,

“का बे, डिझेल पिऊन आला का?”

“विसरलो.”

“आयका! विसरला म्हणते. याच्या डोक्यात तनीस भरून हाय. टाका बे याले मशीनमंदी, एखादा दाणा निघते का पाहू.”

थ्रेशरमधून उडणाऱ्या पेंढ्याकडे पाहून माणसं हसली. भावाने पाण्याने भरलेला पितळी गुंड, घागरीएवढा, उचलला. पहिला घाव जबड्यावर बसला. मुलगा पडल्यावर पुढचे घाव खांद्यावर आणि छातीवर. थ्रेशर चालू होता, त्यामुळे किंकाळी ऐकू आली नाही, फक्त उघडलेलं तोंड दिसलं. रक्त धानाच्या ढिगात उतरलं, त्यात दातही होते. चौघांनी ओढल्यावर भाऊ थांबला आणि हातातल्या चेपलेल्या पितळी गुंडाकडे पाहत राहिला.

काका आधी मुलाकडे गेले नाहीत. त्यांनी भावाचे गाल दाबून तोंड उघडलं आणि हुंगलं.

“वास नाही. पोट्टा शुद्धीत हाय. शुद्धीत मारलं माह्या पोराले.”

मग माणसांनी भावाला फावड्याच्या दांड्याने मारलं. मुलाला गाडीत घालून भंडाऱ्याला पाठवलं. काका म्हणाले, “दारूत असता त सोडलं असतं. आता ठाण्यातच.”

आमचं घर खळ्याला लागूनच. आईने धावत येऊन भावाला कसंबसं घरात ओढलं. मी मागोमाग गेलो. ती मागच्या दाराने बाहेर पडली आणि पदराआड बाटली घेऊन आली.

“एक घोट घे बाबू. एकच. मंग कोणी काही म्हणत नाही.”

“नको, माय.”

“जेलात जाशील ना रे!”

दारूचा वास नाकात जाऊ नये म्हणून तो तोंडाने श्वास घेत होता. आईने बाटली त्याच्या शर्टावर ओतली आणि उरलेली तोंडात कोंबायला गेली. त्याने तिला ढकललं. दाराच्या चौकटीवर तिचं कपाळ फुटलं.

तो बाहेर आला. दारात थांबलेल्या काकांना वास आला. त्यांच्या हातातला दांडा खाली गेला.

“दारूतच होता त,” मागून कुणी म्हणालं. “घरीच मिटवा मंग.” काकांनी होकारार्थी मान हलवली; मघाशी तोंड हुंगल्याचं त्यांनी काढलं नाही.

“मी नाही पिलो,” भाऊ म्हणाला. “मायनं टाकली अंगावर.”

“अबे चूप! सुटून राहिला ना तू,” मागचाच माणूस म्हणाला.

“चार वर्सं झाले, मी पिलो नाही. हुंगा तोंड.”

त्याने काकांपुढे तोंड उघडलं. काकांनी त्याच तोंडावर दांडा मारला.

त्याच्याच सांगण्यावरून मी त्याला मोटरसायकलवर बसवून ठाण्यात नेलं. दवाखान्यात रक्त घेताना त्याने स्वतःच बाही वर केली. रक्तात दारू निघाली नाही. शेजारच्या मुलाच्या जबड्याला तारा बांधल्या आहेत, तो नळीने जेवतो. भाऊ तुरुंगात आहे.

पहिल्या भेटीला आई आणि मी गेलो. आई म्हणाली, “एक घोटच त होता.”

तो तिच्या कपाळावरच्या टाक्यांकडे पाहत होता.

“हे कायनं लागलं, माय?”

“पडली,” आई म्हणाली.