उरलेलं इंजेक्शन

हेमालीच्या हाताला गुण आहे, असं तिची आई जनाबाई ठाण्याच्या कोळीवाड्यात ज्याला त्याला सांगायची. त्याच हातांनी पोरीने स्वतःची माती केली. कडक वेदनाशामक इंजेक्शन पेशंटला देऊन उरलं की दुसऱ्या सिस्टरसमोर बेसिनमध्ये ओतायचं, असा नियम. हेमाली ओतल्याचं नाटक करायची आणि उरलेलं स्वतःला टोचायची. कल्याणच्या इस्पितळात आसावरीसिस्टरने तिला पकडलं, तेव्हा हिने उलट तिच्याच थोबाडीत मारली. तिची नर्स म्हणून नोंदणी निलंबित झाली. व्यसनमुक्ती केंद्रात तिने भिंतीवर डोकं आपटलं, आईच्या मनगटाला चावली आणि मग कुठे माणसात आली.

नर्सिंग कौन्सिलने नोंदणी परत दिली ती एका अटीवर. वर्षभर त्या औषधांचं कपाट उघडायचं नाही. उघडलं तर नर्सचं काम कायमचं बंद. तिला परत कामावर घ्या म्हणून आसावरीनेच शब्द टाकला होता.

त्या दुपारी शहाडच्या पुलावर ट्रकखाली सापडलेला तरुण आणला. मांडीचं हाड बाहेर आलेलं. डॉक्टर वरच्या मजल्यावर होते. इंजेक्शनसाठी ते येईपर्यंत थांबा, असं आसावरी म्हणाली, आणि पोराच्या भावाने सलाइनचा स्टँड तिच्या डोक्यात घातला. ती कोसळली. तिच्या खिशातली कपाटाची किल्ली हेमालीने मुठीत धरली.

"खोल ना कपाट. मरतोय तो," भाऊ ओरडला.

"मला नाही उघडता येत, दादा. डॉक्टर येतायत."

त्याने तिची मूठ टेबलावर दाबली आणि वर स्टँड हाणला. पुन्हा हाणला. हाडं कडकडली. पोराच्या किंकाळ्यांनी तिचं काळीज फाटत होतं. पण कपाट उघडलं तर ते त्याच्यासाठी की स्वतःसाठी, हे तिचं तिलाच ठाऊक नव्हतं. मूठ सुटली नाही.

डॉक्टर आले, वॉचमननी भावाला आवळलं. मूठ सोडवून किल्ली घेतली, पोराला इंजेक्शन दिलं. अँपूलमध्ये अर्धं उरलं.

"हिलाच द्या ते. बोटांचा चुरा झालाय," डॉक्टर घाईत म्हणाले.

ते हेमालीला हवं होतं, फार हवं होतं. डोक्याला कापूस दाबून आसावरी उठली होती.

"सिस्टर, ते बेसिनमध्ये ओता," हेमाली म्हणाली. "माझ्यासमोर."

आसावरीने ओतलं. शेवटचा थेंब जाईपर्यंत हेमालीने नजर हलवली नाही. मग तिने हात डॉक्टरांपुढे केला.

"आता बसवा हाडं."