पहिल्या मजुरीचं गुप्तदान

पोलिसाच्या नोकरीत खून-दरोडे पुष्कळ हाताळले, पण बार्शीटाकळीच्या बाजारातलं ते मोबाईलचं दुकान काही केल्या मनातून जात नाही. कापसाने गावंच्या गावं खचवली होती, ती वर्षं. मोबाईलवरून पैसे पाठवणं नुकतंच खेड्यात शिरलं होतं आणि त्याच्या मागोमाग भामटेही.

एका खबऱ्याने टीप दिली, "साहेब, तो रिचार्जवाला दर बाजाराले अमरावतीच्या एका संस्थेत पैसे धाडून राहिला. धा-वीस रुपये, पन ढीगभर येळा. काईतरी गोम हाय."

संस्था म्हणजे निराधार मुलींचं वसतिगृह. खात्याचा उतारा मागवला, तर एकाच मोबाईलवरून चिल्लर रकमांची रांग, आणि प्रत्येकीपुढे एकच शब्द: गुप्तदान. काळा पैसाही असाच तुकडे करून फिरवतात. चौकशी होईपर्यंत आम्ही बँकेला पत्र देऊन संस्थेचं खातं गोठवलं आणि बाजाराच्या दिवशी सकाळीच दुकानदाराला ठाण्यात आणून बसवलं.

चाळिशीचा शांत मुस्लिम गृहस्थ. चहा पाजला, आवाज चढवला, कोठडी दाखवली. त्याचं एकच पालुपद, "पैसे लोकायचे हायत साहेब. नावं नाही सांगत. जबान देली हाय."

सराईत गुन्हेगार निदान खोटं नाव तरी सांगतो. हा बाबा तोंडच उघडेना. त्यात वसतिगृहाच्या बाईंचा फोन, "किराणावाल्याने हात आखडला, साहेब. उद्या मुलींना काय वाढू?"

माझं डोकं तापलं. साध्या कपड्यांत थेट त्याच्या दुकानात जाऊन बसलो. गल्ल्यावर त्याची बायको होती. थोड्या वेळाने कापूस वेचणारी एक म्हातारी आली आणि पदराची गाठ सोडून वीस रुपये पुढे केले.

"भाऊ कोठी गेला व? पोरीयले धाडाचे हायत."

मी विचारलं, "कशाचे पैसे, मावशी?"

"वेचनीची पयली मजुरी. पयले खळ्यावरचं जवारीचं पयलं सूप गरिबाले देल्याबिगर घरी नाही नेत होतो. आता जवारी पेरते कोन? मंग हे देतो. आमच्याजोळ असा फोन नाही, भाऊ धाडते."

"मग सगळ्यांचे एकदम का नाही पाठवत?"

"वा! माह्या सुपात तिची जवारी काहून टाकाची?"

मी थक्क झालो. ज्या तुकड्यांवर मी गुन्हा रचत होतो, ते एकेकीचं सूप होतं. स्वतःच्या घरात तेल-मीठ मोजून वापरणाऱ्या या बाया न पाहिलेल्या पोरींना जेवू घालत होत्या, तेही बाजारातल्या एका मोबाईलवरून.

मी पोलीस असल्याचं सांगून जबाबासाठी नाव विचारलं, तशी ती उसळली, "नाव लिवलं त दान कायचं रायलं? ने मले ठान्यात, पन नाव नाही सांगत!"

मग साक्षीदार मीच झालो. जे डोळ्यांनी पाहिलं ते माझ्या सहीने लिहिलं आणि त्याच दिवशी खातं मोकळं करण्याचं पत्र बँकेत पोचवलं. नाव लपवणाऱ्याच्या मनात पाप असतं, असं आमचं पोलीस खातं शिकवतं. ते नेहमी खरं नसतं, हे मला त्या बाजाराने शिकवलं.

दुकानात भेटलेल्या म्हातारीची गोष्ट सांगून दुकानदाराला सोडलं. ना राग, ना तक्रार. दारापर्यंत जाऊन तो घाबऱ्या चेहऱ्याने मागे वळला.

"साहेब, त्या म्हातारीनं नाव त नाही ना सांगतलं?"

"नाही," मी म्हणालो.

तेव्हा कुठे त्याने सुटकेचा निःश्वास सोडला.