कोठीच्या खिडकीतल्या अक्षता

“निघाला ना रे हाराचा फोटो?” गुलाबरावजींनी मांडवाच्या त्या टोकाकडून ओरडून विचारलं.

निघाला नव्हता. अंतरपाट खाली गेला, वाजंत्री सुरू झाली, नवरीने नवरदेवाच्या गळ्यात हार घातला, आणि नेमका त्या वेळी मी पाठमोरा होतो. लग्नाचा फोटोग्राफर आणि हाराच्या वेळी पाठमोरा. याहून मोठा घोळ या धंद्यात ठरवून घालायचा म्हटलं तरी जमत नाही.

“फ्लॅश चार्ज झाला नव्हता, काकाजी,” मी थाप मारली. “एकदा पुन्हा घालू द्या.”

“दोन-दोनदा हार घालते का कोणी? कोठं पाहून राहिला होता तू?”

कुठे बघत होतो ते त्यांना सांगण्यासारखं नव्हतं. भटजी कुरकुरले. नवरदेव हसला. हार उतरवले, पुन्हा घातले. मी “इकडं पाहा” म्हणालो, फ्लॅश उडाला, झालं. अल्बमच्या पहिल्या पानावर तोच फोटो लागला. दोघं इतकी छान कॅमेऱ्याकडे बघत आहेत की खरे हार आधीच पडून गेले होते हे कोणाला कळायचं नाही. लग्नातले निम्मे फोटो असेच असतात.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. पांढुर्ण्याला स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझा स्टुडिओ होता. पुढे दुकान, मागे डार्करूम, आणि त्याच्याही मागे एक खोली, जिथे मी राहायचो. सौसरपर्यंतची लग्नं माझ्याकडे यायची. गळ्यात दोन कॅमेरे असायचे. एकात कलर रोल, फ्लॅशसकट. तो गिऱ्हाइकाचा. धुवायला रेल्वेने नागपूरला जायचा आणि त्याचाच अल्बम व्हायचा. दुसरा जुना, ब्लॅक अँड व्हाइटचा. तो माझा. त्यातला रोल मी स्वतः धुवायचो.

या दुसऱ्या कॅमेऱ्यात मी कोणाला “इकडं पाहा” म्हणत नसे. पंगतीत पदर खोचून वाढणारी बाई, सासऱ्याशी बोलताना टोपी चाचपणारा जावई, चपला शोधणारे व्याही. जसे असतील तसे. आता लोक हौसेने असे फोटो काढून घेतात. तेव्हा दाखवले की म्हणायचे, “हे काय रे वसंता? कोणीच कॅमेऱ्याकडं पाहून नाई राहिलं. बिघडला काय?” म्हणून दाखवायचं सोडून दिलं होतं.

एकच माणूस ते आवडीने बघायचं. माझी बायको, शैला. दोरीवर वाळत टाकलेले ओले फोटो ती एकेक करून बघायची आणि न गेलेल्या लग्नातल्या माणसांना नावं ठेवायची. काविळीने ती गेली, त्याला तेव्हा दोन वर्षं होत आली होती. फोटो मी तरीही काढत होतो. धुवायचे, वाळवायचे, डब्यात टाकायचे. दाखवायला कोणी नसलं की चांगला फोटोही नुसता कागद होतो. खोटं कशाला सांगू, त्या दिवसांत मी फार एकटा पडलो होतो. लग्नाच्या गर्दीत तर जास्तच.

तर हे लग्न बोरगावचं. संत्र्याची बाग, कपाशीची शेती, भरलेलं घर. नवरीचं नाव सुनंदा. वडील ती लहान असतानाच वारलेले. गुलाबरावजी म्हणजे तिचे काका. कन्यादान काका-काकूच करणार होते. माणूस वाईट नव्हता, लग्नात काही कमी पडू दिलं नव्हतं त्यांनी.

आदल्या दिवशी हळदीचे फोटो काढत होतो. बायका जरा बाजूला झाल्या तशी सुनंदा ओठ न हलवता म्हणाली, “भाऊ, माझ्या मायचा एक फोटो काढजा. लग्नातला. नक्की.”

“काढतो ना. तुमच्या बाजूलाच उभं करू त्यांना.”

“ती नाई येत बाहेर,” ती म्हणाली. एवढ्यात काकू आल्या आणि ती गप्प झाली.

आई कुठे सापडेल ते दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. रोलची पिशवी उन्हात ठेवून चालत नाही, फिल्म खराब होते. सावलीची जागा विचारली तर कोणीतरी कोठीची खोली दाखवली. कोठी म्हणजे लग्नाचं सगळं सामान ठेवतात ती. तेलाचे पिंप, गुळाच्या भेल्या, पत्रावळींच्या थप्प्या, बुंदीच्या टोपल्या. एका कोपऱ्यात भाव चढेल म्हणून ठेवलेला कापूस, भिंतीला टेकवून छातीभर उंच. त्या कापसापाशी सुनंदाची आई बसली होती. कौसल्याबाई. कमरेला किल्ल्यांचा जुडगा. कोणी गूळ मागायला येई, कोणी तेल. काढून देत आणि पुन्हा बसत.

कोठी सांभाळणं हे भरवशाच्या माणसाचं काम, असं सगळे म्हणत होते. ते खरंही होतं. पण विधवा बाई लग्न लागताना मांडवात नको, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. एका कामात दोन्ही भागत होतं.

“बाई, तुमचा एक फोटो काढतो,” मी म्हणालो.

“माझा काऊन? नवरीचा काढा.”

“नवरीनंच सांगितलं.”

“येडी आहे पोट्टी. मी नाई येत कोणाच्या फोटोत, भाऊ. उद्या तिच्या संसारात काही उलटं झालं, तर लोक माझ्याकडंच पाहतीन. अन् मलेही तसंच वाटीन.”

“अक्षता तरी टाकाल ना?”

“मनातल्या मनात टाकीन.”

मला राहवलं नाही. “बाई, माझी बायको जाऊन दोन वर्षं होत आली. मी तर मांडवात भटजींच्या बाजूला उभा असतो. नवरीच्या अंगावर सावली पडेल इतका जवळ. मला कोणीच काही म्हणत नाही.”

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. “तुमाले काम आहे तिथं,” त्या म्हणाल्या. मग विचारलं, “सकाळपासून काही खाल्लं का?”

आणि माझ्या उत्तराची वाट न बघता द्रोणात बुंदी घालून दिली. काही खाल्लं का, हे मला कोणी विचारून किती दिवस झाले होते कोण जाणे. बुंदी उभ्याउभ्या संपवली आणि बाहेर आलो.

दुपारचा मुहूर्त होता. मंगलाष्टका सुरू झाल्या. मी मांडवाच्या खांबाला टेकून कलरचा कॅमेरा तयार ठेवला होता. फ्लॅशचा लाल दिवा लागलेला, म्हणजे चार्ज झालेला. शेवटच्या मंगलाष्टकेला गर्दी कशी दिसते म्हणून मागे वळून पाहिलं. गर्दीच्या मागे घराची भिंत, भिंतीत कोठीची खिडकी, आणि गजांमागे कौसल्याबाई उभ्या होत्या. उजवी मूठ घट्ट मिटलेली. सगळ्यांचे चेहरे नवरा-नवरीकडे. खिडकीकडे पाठ नसलेला मांडवात मी एकटा.

फोटोग्राफरला आधी उजेड दिसतो, मग माणूस. कोठीत अंधार होता, पण कौलांच्या फटीतून उन्हाची तिरीप कापसावर पडली होती आणि त्या पांढऱ्या ढिगावरून उजेड उलटून त्यांच्या चेहऱ्यावर येत होता. तरी कमीच. फ्लॅश मारला असता तर सगळा मांडव तिकडे वळला असता आणि त्या आत पळाल्या असत्या. म्हणजे फ्लॅशशिवाय, शटर सावकाश ठेवून काढावा लागणार. शटर म्हणजे कॅमेऱ्याची पापणी. ती जास्त वेळ उघडी ठेवली तर कमी उजेडातही फोटो येतो, पण हात हलला की सगळं पुसट. मी कलरचा कॅमेरा सोडला, जुना डोळ्याला लावला, खांबाला खांदा रोवला आणि श्वास धरला.

मागे “सावधान” झालं. टाळ्या, वाजंत्री. मला कळत होतं की हार पडत आहेत आणि मी तिकडे असायला हवं. गजांमागे कौसल्याबाईंचा हात वर गेला, मूठ उघडली. मी बटण दाबलं. तेवढ्यात गुलाबरावजींची हाक आली.

रोल धुतला तो मी एकट्याने, नेहमीसारखा. डार्करूमच्या लाल उजेडात कागद औषधाच्या पाण्यात सोडला. आधी गज आले, मग कापूस, मग त्यांचा चेहरा. हात मात्र हलता होता आणि त्यातून सुटलेल्या दाण्यांच्या बारीक पांढऱ्या रेघा झाल्या होत्या. शटर सावकाश असलं की पडणारी वस्तू अशी रेघ ओढते. मी तो ओला फोटो घेऊन सवयीने मागच्या खोलीच्या दारापर्यंत गेलो. दाखवायला. मग परत आलो आणि दोरीला लावला.

अल्बम गुलाबरावजी घेऊन गेले. हा फोटो मी त्यात घातला नाही, पाकिटात वेगळा ठेवला. काढू नका म्हणणाऱ्या बाईंचा फोटो होता. कोणाला द्यायचा ते मला ठरवता येईना.

पहिल्या माहेरपणाला सुनंदा आली तेव्हा मायलेकी बाजाराला म्हणून पांढुर्ण्याला आल्या. सुनंदा अल्बम छातीशी धरून दुकानात शिरली. आई बाहेर पायरीवरच थांबली.

“भाऊ, सगळा पाहिला. माय कोठंच नाई.” तिचा आवाज चढला होता. “मांडवात नाई आली, ते समजते मले. पण अक्षताही नाई टाकल्या तिनं माझ्यावर. सगळ्या गावानं टाकल्या. मी विचारलं तं चूप बसते.”

मी पाकीट काढलं, पण तिच्या हातात दिलं नाही. “बाई, आत या,” मी हाक मारली. “आधी तुम्ही पाहा.”

कौसल्याबाईंनी फोटो पाकिटातून अर्धाच बाहेर काढला.

“मी एवढी एकटी दिसून राहिली होती?”

त्यांनी फोटो पुन्हा पाकिटात सरकवला.

“फाडून टाका, भाऊ. पोरीनं पाहिला तं तिकडं सासरी रडत बसीन.”

“तुमचा फोटो आहे, बाई. फाडा म्हणालात तर आत्ता फाडतो,” मी म्हणालो, आणि ते मनापासून म्हणालो. “फक्त तो पूर्ण बाहेर काढा. तुमचा हात बघा एकदा.”

त्यांनी बाहेर काढला. पाहिला. मग लेकीच्या हातात दिला.

सुनंदाने रेघांवरून बोट फिरवलं. “हे काय आहे पांढरं?”

“तांदूळ,” आई म्हणाली.

सुनंदा फोटोकडे बघतच राहिली. “माझ्यापर्यंत नाई आले ते.”

“गजाले लागून मागं कापसात पडले. तू गेल्यावर वेचले मी. डब्यात ठेवून आहे.”

“मंग आज घरी गेल्यावर टाकजो माझ्यावर.”

मी उगीचच काउंटर पुसायला लागलो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते लपवण्याइतकं मोठं ते दुकान नव्हतं.

सुनंदाने अल्बमचं पहिलं पान उघडलं, हाराचा फोटो कोपऱ्यांतून अलगद सोडवून शेवटच्या पानावर नेला आणि त्या जागी आईला लावलं. आईने “काकाजी काय म्हणतीन” म्हटलं, पण हात धरला नाही. दोघी बाजाराच्या पिशव्या उचलून बस स्टँडकडे गेल्या. मी दुकानाच्या दारात उभा राहून त्या दिसेनाशा होईपर्यंत बघत होतो. ही गोष्ट कोणाला तरी सांगावीशी वाटत होती आणि ज्या एका माणसाला सांगितली असती ते नव्हतं. त्या दिवशी मी दुकान लवकर बंद केलं. आमच्या लग्नाचा एकही फोटो नाही. गावात फोटोग्राफर मी एकटाच होतो आणि मी बोहल्यावर होतो.

गुलाबरावजी कधी काही बोलले नाहीत. त्यांच्या घरचं पुढचं लग्न मात्र त्यांनी सौसरच्या दुसऱ्या फोटोग्राफरला दिलं. त्याने हाराचा फोटो चुकवला नसणार.

धंद्याच्या दृष्टीने यातून शिकायचं ते सरळ आहे: हाराच्या वेळी नवरा-नवरीकडे बघावं, पोट त्यावरच चालतं. मी तेही शिकलो. पण त्यानंतर कोणत्याही लग्नघरी गेलो की मांडव बघायच्या आधी कोठीची खोली कुठे आहे ते विचारत असे. घरच्यांना वाटायचं, रोलची पिशवी ठेवायला विचारतो आहे.