उपाशी माणसाचं 'व्हय'

नोकरीत कितीतरी कबुलीजबाब ऐकले आणि विसरलो. एका रिक्षावाल्याचं 'व्हय' मात्र अजून कानातून जात नाही.

तेव्हा मी शहरातल्या एका ठाण्याचा निरीक्षक होतो. नवरात्राच्या बंदोबस्तानं स्टाफ आधीच मेटाकुटीला आलेला. त्यात पुंडलिकनगरची, दुसरीत शिकणारी मुलगी शाळेतून घरी आली नाही. रात्रभर शोध घेतला. तिची आई ठाण्यातल्या बाकावरून हलली नाही. ती नवऱ्यापासून वेगळी राहत होती. नवरा फोनवर म्हणाला, "मी पुण्यात आहे."

सकाळी आमच्या खबऱ्यानं कळवलं, "साहेब, रिक्षावाला खोटं बोलतोय. पोरगी गल्लीत आलीच नाय." मुलीला रोज शाळेतून आणणारा हा तरुण. "रोजच्यासारखं गल्लीच्या तोंडाशी सोडलं," असा त्याचा जबाब. गल्लीतला गिरणीवाला म्हणाला, पोरगी आलीच नाही. वर तिचं दप्तर रिक्षातच सापडलं. झालं! संशयाला आणखी काय लागतं?

फौजदारानं त्याला प्रश्नांनी धारेवर धरलं. आधी तो ठाम होता. मग "सोडलंच असंल" म्हणाला. मग "आठवंना, साहेब." दुपारी फौजदारानं दरडावलं, "पैठणला नेलंस? धरणात टाकलंस?"

तो म्हणाला, "व्हय."

गाड्या निघायची तयारी झाली. बातमी बाकापर्यंत पोचली. मला वाटलं, बाई कोसळणार. ती फक्त म्हणाली, "साहेब, काय असंल ते असू द्या, पण एकदाचं नक्की सांगा." अधांतरी लटकण्यापेक्षा वाईट बातमी बरी, इथवर ती माऊली आली होती. आणि खरं सांगतो, आम्हीही तिथंच आलो होतो.

गाड्या थांबवून मी आत गेलो. विचारलं, "दप्तर धरणाच्या भिंतीपाशी फेकलंस?"

"व्हय."

दप्तर माझ्या टेबलावर होतं. "हा गडी आता चंद्र चोरला म्हटलं तरी हो म्हणेल," मी फौजदाराला सुनावलं.

त्याच्यापुढच्या चहावर साय धरली होती. ओठ फुटलेले. "चहा का घेतला नाहीस रे?"

"उपास हाय. नऊ दिवस नुस्त्या पाण्यावर."

ती सहावी माळ होती. सकाळपासून तो चहाला, बिस्किटाला नाही म्हणत होता. त्याच्या अंगातली सगळी 'नाही' तिथंच खर्ची पडली होती, आमच्यासाठी एकही उरली नव्हती. खा म्हटलं, तर म्हणतो, "देवी कोपंल."

मी त्याच्या आईला बोलावून घेतलं. म्हातारीनं भगर आणली आणि दाराशीच कडाडली, "आरं, राहिलेल्या माळा मी धरते! देवीला काय सांगायचं ते मी बघते. गिळ आधी!" तो रडत रडत जेवला आणि तिथंच कलंडला.

फौजदार चडफडत होता. "साहेब, वेळ जातोय. पोरगी जिवंत असली तर?" माझा अंदाज चुकला असता तर त्या आईपुढे कोणत्या तोंडानं उभा राहिलो असतो?

जाग आल्यावर त्याला एवढंच विचारलं, "काल रोजच्यापेक्षा वेगळं काय होतं?"

तो ताडकन उठला. "मांडव! साहेब, भंडाऱ्याचा मांडव! रिक्षा गल्लीपर्यंत जाईना, म्हणून अलीकडं मोठ्या रस्त्यालाच उतरवलं. एक बाई हुबी होती. पोरगी 'आत्या' म्हणून पळाली, दप्तर तसंच टाकून."

तो मांडव आम्ही सगळ्यांनी पाहिला होता. त्याच्या खालून गेलो होतो. थकलेल्या डोक्यात शिरला नव्हता, इतकंच.

आत्याचं घर करमाडला. पथक पोचलं तेव्हा पुण्यात असणारा बाप गाडीत बॅगा भरत होता. मागच्या सीटवर नवा फ्रॉक घालून पोरगी बसलेली. आम्ही धरण उपसत बसलो असतो, तर तिला घेऊन तो कुठल्या कुठं गेला असता. ठाण्यात आईनं तिला आधी एक धपाटा घातला आणि मग पोटाशी धरलं ते सोडलंच नाही.

माणूस लबाडीनं खोटं बोलतो हे पोलिसाला शिकवावं लागत नाही. पण दमलेला माणूस सुटकेसाठीही खोटं बोलतो, आणि दमलेला पोलीस सुटकेसाठीच ते खरं मानतो. तेव्हापासून माझ्या ठाण्यात जबाब घेण्याआधी पहिला प्रश्न ठरलेला होता: जेवलास का?

दसऱ्याला तो रिक्षावाला सोनं द्यायला आला. मी तेच विचारलं, "जेवलास का?"

"व्हय, साहेब."

त्याच्या त्या 'व्हय'वर मी विश्वास ठेवला नाही. आधी ताट वाढायला सांगितलं.