न ओढलेली गाठ

डोमाजीकाका कुठलीही वस्तू दुरुस्त केली की ती ओढून पाहायचे. पिशवीचा बंद शिवला, ओढला. दाराची कडी बसवली, ओढली. माझ्या मुलीच्या फ्रॉकला बटण लावून दिलं आणि ते असं ओढलं, की पोरगीच त्यांच्याकडे सरकली. आंधळगावात आमच्या आणि त्यांच्या घरात एकच भिंत. काकांचं उभं आयुष्य मागावर कोशाचं रेशमी कापड विणण्यात गेलं. तुटलेला धागा सांधायचा आणि गाठ ओढून पाहायची, ही मागावरची सवय त्यांनी सगळ्या जगाला लावली होती. मी चिडवायचो, "काका, एखांदी वस्तू तुमच्या ओढण्यानंच तुटन." ते म्हणायचे, "तुटू दे ना! आपल्या हातात तुटलेलं बरं. दुसऱ्याच्या घरी जाऊन तुटलं त का करशीन?"

दुसरी खोड तेलाची. माग, धोटा, कात्री, बिजागऱ्या, काकांच्या घरातलं कुठलंही लोखंड कोरडं म्हणून सापडायचं नाही. "कोरडं राहिलं का लोखंड रुसते," हे त्यांचं ठरलेलं बोलणं. दसऱ्याला तर त्यांच्या उत्साहाला ऊत यायचा. मागाची पूजा झाली की तेलाची चिंधी घेऊन ते मंगेशच्या मोटारसायकलकडे वळायचे. मंगेश हा त्यांचा एकुलता एक मुलगा. आरशाच्या दांडीपासून चाकांपर्यंत गाडी चकचकीत व्हायची. मंगेश हसायचा, "बाबा, आता तिले जेवाले बी वाढा."

अशाच एका दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मंगेश गेला. गावाबाहेरच्या वळणावर गाय आडवी आली आणि गाडी पुलाच्या कठड्यावर आदळली. काका तेव्हा रडले नाहीत, आणि मला त्याचीच भीती वाटत राहिली.

पुढचं चाक पार वाकलेली ती गाडी अंगणात ताडपत्रीखाली पडून होती. लोक म्हणत, अपशकुनी आहे, भंगारात घाला. पण मंगेशची बायको रेखा ऐकेना. ती उपकेंद्रावर नर्स. आसपासच्या टोल्यांवर, छोट्या वस्त्यांवर, बाळांना लशी द्यायला जायची, आणि गाडी चालवायला तिला मंगेशनंच शिकवलं होतं. ती म्हणाली, "मामाजी, मी हेच गाडी चालवीन. दुसरी नाही पाहिजे मले."

काकांना जणू कामच मिळालं. मोहाडीच्या मिस्त्रीकडून समजून घेऊन ते नवं चाक आणि दोन्ही चाकांच्या नव्या ब्रेक-डिस्का घेऊन आले. मिस्त्री येतो म्हणाला तर ऐकलं नाही. "माह्या पोराची गाडी आहे. मीच करतो." मी हँडल धरून बसलो. त्यांनी इंजिनखाली मागाचा लाकडी ठोकळा सारला, आस काढला, वाकडं चाक उतरवलं. ब्रेकचा जबडा नळीवर लोंबू नये म्हणून तो कोशाच्या दोऱ्यानं वर बांधला. नवी डिस्क बसवताना समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे आवळत गेले, आणि शेवटी अर्थात प्रत्येक बोल्ट पान्यानं ओढून पाहिला. मागची डिस्कही बदलली. कित्येक महिन्यांनी त्यांच्या कपाळावर घाम दिसत होता आणि मला बरं वाटत होतं. सगळं झाल्यावर त्यांनी चिंधी घेतली आणि दोन्ही नव्याकोऱ्या डिस्कांना प्रेमानं तेल चोळलं. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

रेखाला देण्याआधी गाडी ओढून पाहायला काका स्वतःच बसले. गल्लीच्या टोकाला त्यांनी ब्रेक दाबला आणि गाडी न थांबता सरळ तणसाच्या ढिगात घुसली. काका केसांत काड्या घेऊन बाहेर आले आणि हसले. खरंच हसले. मी मिस्त्रीला फोन लावला. तो पलीकडून ओरडला, "काकाजी, डिस्कले तेल लावते काय कोणी? पकडीन कसा ब्रेक?"

काकांचं हसू जागीच विरलं. ते तणसाला टेकून खाली बसले. म्हणाले, "सुधाकर, दसऱ्याले बी लावलं होतं." आणि मग ते रडले. म्हाताऱ्या माणसाचं तसं रडणं मला ऐकवेना. मी त्यांचा हात धरून नुसता बसून राहिलो.

मिस्त्रीनं येऊन डिस्का पेट्रोलनं पुसल्या, ब्रेकचे पॅड बदलले, गाडी धडधाकट केली. काका मात्र खचले. जेवण सुटलं, झोप सुटली. शेवटी एका सकाळी मी ओसरीवर असतानाच त्यांनी रेखाला हाक मारली. "बाई, मंगेश गाईनं नाही गेला. माह्या तेलानं गेला."

रेखा ड्युटीवर निघाली होती. ती दारात थांबली. मग सरळ त्यांच्याकडे पाहून म्हणाली, "नाही मामाजी. त्या दिवशी दारातच ते म्हणाले का ब्रेक घसरून राहिला. मी दोरीवरचा टॉवेल देला. दोनी डिस्का चांगल्या पुसून मंगच गेले ते. गाय अंगावरच आली, तिथं ब्रेक का करन?"

"असं का?" काका म्हणाले.

"हो मामाजी."

अपघाताच्या सकाळी मी अंगणातच होतो. मंगेश चालत्या गाडीवरूनच मला हात करून गेला होता. तो थांबला नव्हता, त्यानं काही पुसलं नव्हतं. पण मी तोंड उघडलं नाही. रेखाचं ऐकून त्या दिवशी काका दोन घास जेवले.

पुढच्या हिवाळ्यात दम्यानं त्यांना गाठलं. खाट मागाशेजारीच टाकली होती. एकदा रेखा बाहेर गेलेली पाहून त्यांनी मला जवळ बोलावलं. "सुधाकर, तेलाचा डाग कापडातून जाते काय रे?"

"नाही जात, काका."

"मले का माहीत नाही? जलमभर कापड केलं म्या. दोरीवरचे टॉवेल पाहिले असते त तवाच समजलं असतं." त्यांना धाप लागली. थोडं थांबून म्हणाले, "पण नाही पाहिलं. तिनं सांधलं रे. म्या ओढून नाही पाहिलं."

थोड्याच दिवसांत ते गेले. तेरवी झाल्यावर रेखा पुन्हा कामावर निघाली. गाडी बाहेर काढली आणि माझ्यापाशी थांबली.

"भाऊजी, मी खोटं बोलली होती. टॉवेल-बिवेल काही देला नव्हता. पण मामाजीले पटलं होतं ना?"

"पटलं होतं, बाई," मी म्हणालो.

तिनं डोळे पुसले, पुढचा ब्रेक दाबून पाहिला आणि गाडी सुरू केली.